पूर्वजन्मीची रोजनिशी

कर्जतच्या फलाटावर पुण्याकडची गाडी थांबली, की दोन कामे एकदम सुरू होतात. मागच्या बाजूला घाट चढवणारी इंजिने जोडली जातात, आणि डब्यातली मंडळी वडे घ्यायला खाली उतरतात. इंजिने जोडायला चार मिनिटे जास्त लागली, की वडा संपवून हात पुसणारे एखादे गृहस्थ घड्याळाकडे पाहतात आणि ठामपणे सांगतात, “झोपला असेल कोणीतरी!” कोण झोपला, कुठे झोपला, याची त्यांना काडीची खबर नसते. पण कोणीतरी दोषी ठरला, की त्यांचे समाधान होते.

मी कर्जतचाच. नोकरीची चौतीस वर्षे मुंबईच्या लोकलने केली; तेव्हा असली वाक्ये मी हजारदा ऐकली आहेत आणि शेकडोदा बोललोही आहे. ही खोड मला एकदा चांगलीच भोवली. म्हणजे चूक माझी, आणि चटका मात्र दुसऱ्याला बसला. दिवाळीच्या अंकात काहीतरी खुसखुशीत लिहावे, कबुलीजबाब देऊ नये, हे मला कळते. परंतु या सदरातून वर्षभर वाचकांना शहाणपण सांगितल्यावर वर्षातून एकदा स्वतःचा मूर्खपणा सांगितला, तर हिशेब थोडासा तरी जुळतो.

आमच्या घरी एक लॅपटॉप आहे. तो मूळचा मुलीचा. लग्न होऊन ती मेलबर्नला गेली आणि तो मागे राहिला, तेव्हा घरातल्या शिवणयंत्रासारखा तो आमच्या वाट्याला आला. यंत्र २०१७ चे. विजेचे बिल भरणे, निवृत्तिवेतनाचे कागद काढणे ही कामे मी त्यावर करतो. पण त्याचा खरा उपयोग एकच. दर रविवारी सकाळी मुलीशी आणि चार वर्षांच्या नातीशी समोरासमोर बोलायचे. माझे विजेचे बिल रांगेत उभे राहूनही भरता आले असते, आमच्या सौ.चा रविवार मात्र दुसऱ्या कशाने भरून निघाला नसता.

२०२४ च्या दिवाळीत असे कळले, की विंडोज १० ची विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपायची आहे, आणि तिच्या पुढची आवृत्ती आमच्या यंत्राला मिळणार नाही. तिला नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमचा एक पिढीने मागे पडला. म्हणजे धडधाकट यंत्र केवळ वय झाले म्हणून भंगारात काढायचे! निवृत्त माणसाला हा न्याय जरा जास्तच झोंबतो.

खोपोलीला स्टेशनजवळ एक तरुण मुलगा संगणक दुरुस्त करतो. खालापूरकडच्या एका खेड्यातला. वडील भातशेती करतात. त्याचा गाळा एवढा लहान, की गिऱ्हाईक आत आले की त्याला स्वतःला बाहेर यावे लागते. त्याने यंत्र उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, “काका, टाकू नका हे. लिनक्स घालून देतो.” १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेली, पुढे जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेली आणि कोणालाही विनामूल्य वापरता येणारी ही प्रणाली. मुलाने मजुरीचे चारशे रुपये घेतले. निघता निघता मी म्हणालो, “बॅटरी तासभरसुद्धा टिकत नाही रे. तिचे काही करता आले तर बघ.” त्याने तेही केले. हे माझे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मी स्वतः ते साफ विसरलो होतो.

यंत्र झकास पळू लागले. दोन रविवार आनंदात गेले. तिसऱ्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे ओटीवरच्या झोपाळ्यावर बसलो होतो. नात म्हणाली, “आजी, मी आज...” आणि थांबली. तोंड उघडे, एक हात वर, डोळे अर्धवट मिटलेले. शेवटचा ‘ज’ मात्र थांबेना. तो ‘ज-ज-ज-ज’ असा किरकिरत राहिला. यंत्र अडकले आहे हे सौ.ला कळत होते. पण नातीचा चेहरा तसा पाहून तिचा जीव खालीवर झाला. माउसचा बाण हलेना. कॅप्स लॉकचे बटण दाबावे, तर त्याचा दिवा लागेना. अखेर चालू-बंदचे बटण दाबून धरून मी त्या यंत्राचा गळा आवळला, तेव्हा कुठे तो ‘ज’ शांत झाला.

पुढच्या दोन आठवड्यांत हा प्रकार पाच वेळा घडला. आणि मी काय केले? सकाळी फिरायला जाताना, वाचनालयात, फलाटावरच्या बाकावर, भेटेल त्याला सांगत सुटलो, “खोपोलीच्या त्या पोराने काहीतरी फुकटचे घालून यंत्राचे वाटोळे केले. त्याच्याकडे जाऊ नका.” फुकटचे ते फुकटच, हे वाक्य लोकांना फार आवडते. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, आणि त्यांतल्या दोघांनी आपली यंत्रे त्याच्याकडे न देता पनवेलला नेली. मला तेव्हा वाटले, आपण दोन माणसांना वाचवले.

सौ. मात्र या खटल्यात सामील झाली नाही. ती एवढेच म्हणाली, “अहो, गाडी घाटात थांबली तर सिग्नल नाही, की इंजिन बंद पडले, की दरड आली, हे आधी पाहतात ना? तुमचे यंत्र कधी थांबते, हे कधी लिहून ठेवलेत?”

मी काही लिहून ठेवले नव्हते. तिने ठेवले होते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाच्या खाली, बारीक अक्षरात : ‘रवि. सकाळी, झोपाळ्यावर, पिन काढलेली.’ ‘मंगळ. रात्री, पलंगावर, पिन काढलेली.’ ‘गुरु. दिवे गेले तेव्हा.’ पाचही नोंदींत चार्जर लावलेला नव्हता. जेवणाच्या मेजावर पिन लावून मी तासन्तास बसत होतो, तेव्हा यंत्राने एकदाही दगा दिला नव्हता.

दिनदर्शिकेचे ते पान फाडून घेऊन मी खोपोलीची गाडी पकडली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली : प्रवास अर्ध्या तासाचा, पण त्या दिवशी मला तो लांबचा वाटला. माझे बोलणे त्याच्या कानावर गेले असेल का, हा विचार मनात येत होता. गेले होते. ते त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. तो बोलला मात्र काही नाही. त्याने ते पान हातात घेतले, दोनदा वाचले, आणि एखाद्याला हरवलेली किल्ली सापडावी तसा त्याचा चेहरा उजळला. “काका, हे कुणी लिहिले?”

“तुझ्या काकूने.”

“मग अर्धे काम काकूंनीच केले आहे.”

तेथून पुढे जे झाले, ते मी जरा तपशिलाने सांगतो. पुष्कळ घरांत जुन्या यंत्रांवर आता लिनक्स आले आहे, आणि हे दुखणे त्यांतल्या काहींना होते.

पहिला प्रश्न त्याने विचारला तो असा : “सगळे यंत्र थांबते, की फक्त इंटरनेट?” बाण हलत असेल, कॅप्स लॉकचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र जिवंत आहे, फक्त जोडणी तुटली. दिवाही लागत नसेल, तर दुखणे थेट गाभ्याला भिडले आहे. आमचे दुसऱ्या प्रकारचे. मग त्याने नेहमीचे संशयित तपासले. रात्रभर स्मृतीची चाचणी लावून ठेवली. ती निर्दोष निघाली. यंत्र तापत नव्हते. डिस्कवर जागा भरपूर होती.

त्यानंतर त्याने यंत्राची रोजनिशी उघडली. मला हे नवीनच होते. लिनक्स आपल्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवते, आणि ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने ती वाचता येते. तिच्यापुढे उणे-बी आणि उणे-एक असे लिहिले, की या बैठकीची नव्हे, आधीच्या बैठकीची नोंद दिसते. म्हणजे ज्या बैठकीत यंत्र गोठले आणि आपण त्याचा गळा आवळला, तिची. मी म्हणालो, “म्हणजे हा पूर्वजन्म!” तो हसला. “उणे दोन लिहिले तर त्याच्या आधीचा. तुम्ही कितीही जन्म मागे जा.”

पण सगळे जन्म काही बोलत नाहीत. यंत्र एका क्षणात गोठले, तर शेवटची ओळ डिस्कवर लिहायलाही त्याला सवड मिळत नाही. पाचांपैकी तीन नोंदी अशाच मधेच तुटलेल्या होत्या. उरलेल्या दोहोंत मात्र शेवटच्या ओळी एकाच भागाच्या होत्या : वायरलेस कार्डाच्या. त्यांचा मथितार्थ असा, की कार्डाला जागे व्हायला सांगितले आणि ते जागे झाले नाही.

फलाटावरचे गृहस्थ मला आठवले. खरोखरच कोणीतरी झोपले होते!

मुलगा म्हणाला, “दोन ओळींवर कुणाला फाशी द्यायची नाही, काका. आधी कार्ड बंद ठेवून बघू.” चार दिवस आम्ही वायरलेस बंद ठेवले आणि राउटरपासून ओटीपर्यंत तार ओढली. मुद्दाम चार्जर काढून बसलो. यंत्र एकदाही अडले नाही. आता संशयाला आधार मिळाला.

हे कार्ड म्हणजे दोन बोटे मावतील एवढा तुकडा. त्याला दोन तऱ्हेने डुलकी घेता येते. पहिली डुलकी हवेतली. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा हाक देतो, आणि कोणासाठी निरोप आहे ते सांगतो. अशा दोन हाकांच्या मधल्या वेळात कार्ड डोळे मिटून घेते. दुसरी डुलकी घरातली. कार्ड आणि यंत्राची मुख्य पाटी यांच्यामध्ये जी जोडणी असते, ती रिकामी राहिली की स्वतःच निजते. या व्यवस्थेला एएसपीएम म्हणतात. काम आले की क्षणात उठायचे, असा करार आहे, आणि बहुतेक कार्डे तो पाळतात. काहींना मात्र वेळेवर जाग येत नाही.

मग एवढ्याशा तुकड्याने अख्खे यंत्र का थांबावे? कारण लिनक्सचा गाभा एकत्र कुटुंबासारखा आहे. कार्ड, पडदा, डिस्क यांना सांभाळणारे ड्रायव्हर नावाचे कार्यक्रम त्या गाभ्यातच राहतात आणि एका चुलीवर जेवतात. १९९२ साली अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी टोरवाल्ड्स यांच्याशी याच मुद्द्यावर जाहीर वाद घातला होता. प्राध्यापकांचे म्हणणे, बिऱ्हाडे वेगळी असावीत. टोरवाल्ड्स यांनी एकत्र कुटुंब मोडले नाही. त्यामुळे कामे भराभर होतात हे खरे. पण ड्रायव्हरने निजलेल्या कार्डाला प्रश्न विचारला आणि उत्तर आलेच नाही, तर विचारणारा तेथेच खोळंबतो, आणि त्याच्या मागे बाण, दिवा, नातीचा ‘ज’, सगळेच खोळंबते.

हे दुखणे आमच्याच यंत्राचे होते असे नाही. २०२१ साली लिनक्सच्या गाभ्यात एका जातीच्या कार्डासाठी निरोप भराभर उचलण्याची नवी पद्धत घातली गेली, आणि त्यानंतर अनेकांचे संगणक अवचित गोठू लागले. त्यावर जी दुरुस्ती निघाली, तिचे सार असे : निरोप उचलण्याचे काम चालू आहे, तोवर त्या जोडणीला निजू द्यायचे नाही. आमचे कार्ड त्या जातीचे नव्हते. पण दुखणे त्याच कुळातले होते.

आता दोन डुलक्यांपैकी कोणती, हे ठरवायचे होते. मी म्हणालो, “दोन्ही बंद कर आणि मोकळा हो.” तो म्हणाला, “मग नेमके कशाने बरे झाले, ते कधीच कळणार नाही. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल काकूंच्या पानावर.” वैद्याने एकाच दिवशी तीन पुड्या दिल्या, तर गुण कोणत्या पुडीचा हे वैद्यालाही सांगता येत नाही, तसेच हे.

पहिल्यांदा हवेतली डुलकी बंद केली. नेटवर्क मॅनेजरच्या मांडणीत वायफायच्या बचतीपुढे ‘तीन’ असेल तर ती चालू, ‘दोन’ लिहिले की बंद. तीन दिवस शांततेत गेले. आम्ही पेढे आणण्याच्या बेतात होतो, तोच चौथ्या रात्री यंत्र गोठले. सौ.ने पानावर लिहिले, ‘ही नव्हे.’ मग तो बदल मागे घेतला आणि घरातली डुलकी बंद केली. आठ दिवस गेले, दहा गेले, दोन रविवार सुखरूप पार पडले. मला वाटले, संपले. पण मुलगा भलताच कसून काम करणारा. “आता ती पुन्हा चालू करून बघा,” तो फोनवर म्हणाला. मी नाइलाजाने चालू केली. त्याच संध्याकाळी, चहा गार व्हायच्या आत, यंत्राने डोळे पांढरे केले. गुन्हेगार सापडला, आणि गुन्हा दोन्ही बाजूंनी शाबीत झाला.

पक्का इलाजही त्याने जपून केला. सगळ्या यंत्राची एएसपीएम बंद करता येते. पण मग प्रत्येक भाग जागा राहतो आणि बॅटरी लवकर संपते. म्हणून त्याने मॉडप्रोब नावाच्या फोल्डरात एका ओळीची फाईल ठेवून, फक्त त्या कार्डाच्या ड्रायव्हरला तेवढी झोप मना केली. प्रत्येक कार्डाच्या ड्रायव्हरला अशी सोय असतेच असे नाही. ती नसेल तर सगळी बंद करण्यावाचून गत्यंतर नाही. जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट शिकवली. यंत्र गोठले तर एकदम गळा आवळायचा नाही. ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन ही बटणे धरून सावकाश एस, यू, बी ही अक्षरे दाबायची. गाभ्यात थोडी जरी धुगधुगी असली, तर यंत्र हातातली लिखापढी आटोपून नीट पुन्हा सुरू होते. अगदीच निपचित पडलेल्या यंत्राला मात्र हेही ऐकू जात नाही.

सगळे झाल्यावर मी विचारले, “पण ही दुसरी डुलकी आधी, विंडोज असताना, का बाधली नाही? आणि बॅटरीवरच का?”

तो जरा घुटमळला. मग हळूच म्हणाला, “काका, तुम्ही बॅटरीचे काही बघ म्हणाला होता ना? म्हणून मी बचतीचा कार्यक्रम घातला होता. चार्जर काढला की तो सगळ्यांना निजवतो. या कार्डाला ते सोसणार नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते.”

चूक त्याने आपल्या पदरात घेतली. मागणी माझी होती, बोभाटा माझा होता, आणि माफीच्या सुरात बोलत होता तो. तीन आठवडे हे त्याला ठाऊक असणार. पण माझ्या तोंडावर त्याने ते एकदाही फेकले नव्हते. मी त्या गाळ्याच्या उंबऱ्यात उभा होतो. आत शिरायला जागा नव्हती, आणि तोंड लपवायलाही.

पुढे चार दिवसांनी संक्रांत आली. तिळगुळाची पुडी घेऊन मी पहिल्यांदा खोपोलीला गेलो. ‘गोड बोला’ हे शब्द वर्षानुवर्षे लोकांना सांगत आलो होतो. त्या दिवशी ते मलाच सांगितल्यासारखे वाटले. त्याला म्हणालो, “तुझ्याविषयी मी वाईट बोललो. ते खोटे होते.” तो म्हणाला, “असू द्या, काका,” आणि तिळगूळ तोंडात टाकून समोरच्या यंत्राचे स्क्रू काढू लागला. मग मी फलाटावरच्या बाकावर गेलो, वाचनालयात गेलो, आणि जेथे जेथे बोललो होतो तेथे तेथे उलटे बोलून आलो. हे काम वाटते तेवढे सोपे नाही. निंदा ऐकायला जे गृहस्थ गाडी चुकवून थांबले होते, त्यांना माफी ऐकायला वेळ नव्हता. एकाने तर “तरीपण फुकटचे ते...” म्हणून पुन्हा सुरुवात केली. यंत्रे पनवेलला नेलेल्या दोघांपैकी एक जण आता खोपोलीला जातो. दुसऱ्याने नवे यंत्र घेतले. ते गिऱ्हाईक माझ्यामुळे गेले ते गेलेच.

दिनदर्शिकेचे ते फाटके पान मुलाने मागून घेतले आणि गाळ्याच्या भिंतीवर चिकटवले. कोणी आले आणि “यंत्र बिघडले” एवढेच म्हणाले, की तो त्या पानाकडे बोट दाखवतो : “असे लिहून आणा.”

रविवारचा कार्यक्रम आता बिनघोर चालतो. सौ. झोपाळ्यावर बसते, चार्जरची पिन काढलेली असते, आणि नात पाऊण पाऊण तास तिला गोष्टी सांगते. गेल्या खेपेला ती मध्येच थांबली आणि ओरडली, “आजी, आजोबा अडकले!”

यंत्र व्यवस्थित चालले होते. डुलकी लागली होती ती मला.